बुडीत खात्यांचे दप्तर : भारतीय स्टेट बँकेचा इतिहास आणि तिचे अभिलेखागार

बँकेच्या स्मरणिकेत इतिहास लिहायचा म्हणजे स्थापना, विस्तार, राष्ट्रीयीकरण, संगणकीकरण अशी चढती कमान काढायची, मध्ये चार अध्यक्षांची छायाचित्रे लावायची आणि शेवटी ठेवींचे आकडे द्यायचे, असा प्रघात आहे. भारतीय स्टेट बँकेच्या बाबतीत तो पाळता येत नाही. तिच्या वंशावळीत तीन मूळ बँका आहेत आणि त्यांतली एक, म्हणजे आपल्या मुंबईची, चक्क बुडालेली आहे. गंमत अशी की या घराण्याबद्दल सर्वांत बोलके कागद मागे राहिले ते त्या बुडण्याचेच. धंदा सुरळीत चालतो तेव्हा खतावणी जुळते, सही होते आणि वही कपाटात जाते. पैसे बुडाले की चौकशी लागते, साक्षी होतात, कोण कोणाच्या शब्दावर किती रक्कम देत होता ते छापून निघते.

सुरुवात कलकत्त्याची. २ जून १८०६ रोजी तिथे ‘बँक ऑफ कलकत्ता’ उघडली. योजना कंपनी सरकारचा अकाउंटंट जनरल हेन्री सेंट जॉर्ज टकर याची. वेलस्लीच्या लढायांनी कंपनीची तिजोरी ओढगस्तीला आली होती. त्यांत म्हैसूरची मोहीम होती, तसेच १८०३ ते १८०५ चे इंग्रज-मराठा युद्धही होते. असईची लढाई आपण सेनापतींच्या नावांनी लक्षात ठेवतो. तिचा खर्च कंपनीच्या हिशेबात कर्ज म्हणून चढला, हे सहसा ध्यानात येत नाही. सरकारचे कर्जरोखे बाजारात भाव धरून राहावेत आणि गरजेला उसनवारी मिळावी, ही नव्या बँकेकडून पहिली अपेक्षा होती. रयतेची सोय हा विचार त्या वेळी कोणाच्या डोक्यात नव्हता, आणि तसे आता भासवण्याचे कारण नाही.

२ जानेवारी १८०९ रोजी सनद मिळून तिचे नाव ‘बँक ऑफ बेंगॉल’ झाले. भांडवल ५० लाख रुपये, दहा हजारांचा एक असे ५०० भाग, त्यांतले १०० भाग सरकारचे. संचालक मंडळावर हिंदी माणूस एकच, महाराजा सुखमय राय. पुढे बँकेचे दिवाण झालेले रामकमल सेन हे केशवचंद्र सेनांचे आजोबा.

कर्जाचे नियम मात्र कडक होते. एका ऋणकोला एक लाखाच्या वर द्यायचे नाही, मुदत तीन महिन्यांची, व्याज बारा टक्क्यांच्या वर नाही. तारण म्हणून कंपनीचे रोखे, सोनेचांदी, जडजवाहीर किंवा नासणार नाही असा माल चाले. घर, जमीन, वाडा यांवर एक पैसाही मिळत नसे, आणि खुद्द बँकेचे भाग तारण ठेवूनही नाही. अफू, नीळ, मीठ, कापूस यांवर कर्ज मिळे. अफूचे नाव वाचून आज कोणी दचकेल, पण त्या काळच्या व्यापारात तो प्रतिष्ठित माल होता. नियम सर्वांना सारखे दिसत. प्रत्यक्षात हिंदी ऋणको कंपनीचे रोखे घेऊन येई तेव्हा त्याला पैसे मिळत. हुंड्या आणि पगाराची बिले वटवून घेण्याची सोय जवळजवळ युरोपियनांपुरतीच होती. ज्याच्याजवळ आधीच सरकारचा कागद आहे त्याला उधार आणि ज्याच्याजवळ गोरी ओळख आहे त्याला नुसत्या सहीवर उधार, असा तो हिशेब होता.

मुंबईची पाळी तीस-एक वर्षांनी आली. ‘बँक ऑफ बॉम्बे’ १५ एप्रिल १८४० रोजी सुरू झाली, भांडवल सव्वाबावन्न लाख, त्यात सरकारचे तीन लाख. मद्रासची बँक १ जुलै १८४३ ची. तिन्ही बँकांना आपापल्या इलाख्यात नोटा काढण्याचा अधिकार होता. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने तो सरकारने स्वतःकडे घेतला. मुंबई बँकेच्या त्या नोटा पाहण्यासारख्या आहेत. काहींवर टाउन हॉलचे चित्र आहे, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे ती पायऱ्यांची आणि खांबांची इमारत. काहींवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांचे पुतळे आहेत. एकाने पुण्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून बसून पेशवाईचा शेवट घडवला आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजीरावाला शरण यायला लावून ब्रह्मावर्ताला धाडले. पेशवाई जाऊन पाव शतकही झाले नव्हते, आणि ज्या हातांनी ती गेली त्यांच्या प्रतिमा मुंबईच्या पेढ्यांवरून हातोहात फिरत होत्या. त्या वेळी कोणी याचा विषाद मानला असेल तर तो कागदावर नाही. नोट वटते की नाही, एवढेच माणूस पाहतो.

पुढची वीस वर्षे मुंबई बँकेने सावधपणे धंदा केला. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतल्या संस्थानांचा कापूस लँकेशायरला जायचा थांबला आणि गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला कधी स्वप्नातही न पाहिलेला भाव आला. मुंबईत पैसा इतका साचला की त्याला जायला जागा उरली नाही, म्हणून जागा निर्माण करण्यात आल्या: नव्या बँका, नव्या पतपेढ्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या. त्यांतल्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती.

याच काळात, १८६३ मध्ये, मुंबई बँकेला नवा कायदा मिळाला. भांडवल वाढवायची मुभा आली, आणि त्याबरोबर जुनी बंधने सैल झाली. कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देण्याची जी मनाई होती ती राहिली नाही. हा बदल कोणी चोरून केला नव्हता; रीतसर मंजुरीने झाला, आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसलेले असताना झाला. बँकेचे भांडवल दुप्पट, मग चौपट होत २ कोटी ९ लाखांवर गेले. मंडळावर प्रेमचंद रायचंद यांचे वजन होते आणि सेक्रेटरीवर त्याहून अधिक. शेअर बाजाराचा हा बादशहा ज्याच्या नावाने चिठ्ठी देईल त्याला कर्ज मिळे, तारण म्हणून शेअर ठेवले जात आणि त्या शेअरांचा भाव याच कर्जांच्या पैशाने चढलेला असे. पुष्कळ रकमा तर वैयक्तिक पतीवर, तारणाशिवाय गेल्या.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. वायद्यांचे सौदे १ जुलै १८६५ ला पुरे करायचे होते. त्या दिवशी देणारा कोणी उरला नव्हता. (याच तारखेला बरोबर नव्वद वर्षांनी स्टेट बँक जन्माला आली. मुहूर्त काढणाऱ्याला मुंबईचा इतिहास ठाऊक नसावा.) मुंबई बँक लगेच पडली नाही. दोन-अडीच वर्षे ती बुडीत कर्जांवर पांघरूण घालत राहिली. अखेर १८६८ च्या आरंभी तिला आवरते घ्यावे लागले. भांडवल जवळजवळ सगळे गेले. त्या भागधारकांत मोठे व्यापारी होते, तशीच भांडवलाच्या व्याजावर जगणारी कुटुंबेही होती.

मग आला सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालचा चौकशी आयोग. माझ्या मते या बँकेच्या इतिहासाचे पहिले खरे प्रकरण तिथे लिहिले गेले. संचालकांना, सेक्रेटऱ्यांना, दलालांना समोर बसवून विचारण्यात आले: हे कर्ज कोणी मंजूर केले, त्या सभेला कोण हजर होते, तारणाची किंमत कोणी केली, मुदत टळल्यावर काय केले. उत्तरांतून जी बँक दिसते ती संचालक मंडळाच्या इतिवृत्तांतून दिसणाऱ्या बँकेपेक्षा फार निराळी आहे. इतिवृत्तात ठराव असतो. साक्षीत तो ठराव होण्याआधी झालेली कुजबूज असते. आयोगाने दोष वाटून दिले: १८६३ च्या कायद्याने काढून टाकलेली बंधने, कमकुवत आणि बेइमान सेक्रेटरी, देखरेख न करणारे संचालक, आणि तो विलक्षण काळ. काळालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची आयोगांची सवय तेव्हापासूनची आहे. दिनशा वाच्छांनी १९१० साली मुंबईच्या या शेअरवेडावर पुस्तक लिहिले, त्याला ती सारी सामग्री हाताशी होती. प्रेमचंदशेठ धुळीला मिळाले आणि पुन्हा उभे राहिले. तेजीच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाने झालेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला.

जुनी बँक गुंडाळतानाच ‘न्यू बँक ऑफ बॉम्बे’ उभी करण्यात आली. १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने काढलेली बंधने पुन्हा घातली, सरकारने आपले भाग काढून घेतले, आणि आपला सगळा शिल्लक पैसा बँकांच्या हाती न ठेवता राखीव तिजोऱ्या स्थापल्या. कर्ज अल्प मुदतीचे, तारण पक्के, परदेशी हुंडीच्या धंद्यात पडायचे नाही: पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा हा बाणा. स्टेट बँकेत कर्जाच्या प्रकरणावर शेरे मारण्याची जी चिकाटी जुन्या लोकांच्या अंगी होती, तिचे मूळ मला या १८६८ च्या भीतीत दिसते.

त्यानंतरची मुंबई बँक कापसाच्या वाटेने आत शिरली. अकोला, अमरावती तिच्या शाखांची गावे; नागपूर मात्र बंगाल बँकेच्या पंखाखाली. एकाच कापूसपट्ट्यातल्या या गावांचे हिशेब दोन दिशांना जात, एक मुंबईला आणि एक कलकत्त्याला. शाखेचा प्रमुख ‘एजंट’ म्हणवला जाई आणि तो साहेब असे. पण रोकड सांभाळायची ती खजांच्याने. हा खजांची नुसता नोकर नव्हता. तो अनामत भरून, जामीन देऊन रोख विभागाची हमी घ्यायचा, आपली माणसे नेमायचा, आणि खोटा रुपया निघाला तर तूट त्याच्या अंगावर पडायची. गावात कोणाची पत किती हे त्यालाच ठाऊक, म्हणून साहेबाचा निर्णय पुष्कळदा खजांच्याच्या मान हलवण्यावर ठरे.

हंगामात ‘तारणाचा’ धंदा कसा चाले तेही पाहावे. व्यापारी सरकी काढून, दाबून बांधलेल्या गाठी गोदामात लावी. दाराला बँकेचे कुलूप पडे, बँकेच्या नावाची पाटी लागे आणि किल्ली शाखेच्या तिजोरीत जाई. गोदामकीपर दर दिवशी आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या गाठी वहीत चढवी. बाजारभाव धरून त्यातून ठरलेली सूट वजा करायची, उरेल तेवढीच रक्कम व्यापाऱ्याला उचलता यायची; भाव उतरला की फरक भरा नाहीतर माल विकू, अशी चिठ्ठी निघे. मुकादम, हमाल, अडत्या, गोदामकीपर हे लोक स्मरणिकांत कधी येत नाहीत, आणि बँकेचा पैसा सुरक्षित राहिला तो बव्हंशी त्यांच्या नोंदींमुळे.

कुणब्याला यातून काय मिळाले? सरळ काही नाही. जमिनीवर कर्ज द्यायला बँकेला मनाई होती आणि कुणब्याजवळ जमिनीशिवाय काही नव्हते. तो सावकाराकडे जाई, सावकार मोठ्या पेढीकडे, पेढीवाला हुंडी घेऊन बँकेकडे. बँकेचा दर आणि कुणब्याला पडणारा दर यांच्यामध्ये इतकी माणसे जेवत होती.

पहिल्या महायुद्धानंतर तीन बँकांनी एकत्र यायचे ठरवले आणि २७ जानेवारी १९२१ रोजी ‘इम्पीरियल बँक ऑफ इंडिया’ झाली. पाच वर्षांत शंभर नव्या शाखा काढण्याची अट तिने पाळली. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक आली तेव्हा सरकारचे खाते तिच्याकडून गेले. रिझर्व्ह बँकेचे कार्यालय नसेल तिथे तिची प्रतिनिधी म्हणून काम करणे उरले. इम्पीरियल बँक मजबूत होती, शिस्तीची होती आणि सामान्य माणसाला तिच्या दारात जायची भीती वाटे. फेब्रुवारी १९३६ मध्ये पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र सुरू झाली, ती याच मोकळ्या राहिलेल्या जागेत.

खरा मोड आला तो १९५४ साली, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सदस्यांत गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. ७५ जिल्हे आणि ६०० गावे पाहून समितीने जो हिशेब मांडला तो असा: शेतकऱ्याच्या उसनवारीत सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी. म्हणजे कलकत्त्यात पहिली पेढी उघडल्याला दीडशे वर्षे होत आली आणि बँकव्यवसाय गावाच्या वेशीवरच थांबला होता. समितीने सुचवले की इम्पीरियल बँक आणि संस्थानांच्या बँका मिळून सरकारी भागीदारीची एक मोठी बँक करावी आणि तिने तालुक्याच्या गावांत जावे. त्यातून १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक झाली. वारशात ४८० कार्यालये आली, पहिले अध्यक्ष डॉ. जॉन मथाई. पाच वर्षांत ४०० शाखांचे उद्दिष्ट होते, ते गाठले गेले. १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा स्टेट बँक त्या यादीत नव्हती, कारण ती आधीच पोचलेली होती.

१९५९ च्या कायद्याने संस्थानी बँका तिच्या उपबँका झाल्या. त्यांतली मराठवाड्याला जवळची ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद, निजामाच्या राज्यात १९४१ मध्ये स्थापन झालेली. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली. शाखांच्या पाट्या बदलल्या. ‘हैदराबाद बँक’ हे नाव मात्र मराठवाड्यातल्या जुन्या खातेदारांच्या तोंडून इतक्यात जाणार नाही.

या पुढच्या काळातही दप्तर फुगले ते संकटांनीच. २४ मे १९७१ ला दिल्लीच्या संसद मार्ग शाखेत फोनवरच्या आवाजावर विश्वासून ६० लाख रुपये नगरवाला नावाच्या इसमाच्या हवाली करण्यात आले. त्यावर पुढे न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी आयोग बसला. १९९२ मध्ये सरकारी रोख्यांच्या व्यवहारांत बँकेची खतावणी आणि रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयाची नोंद जुळेना, आणि हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले. बँकांचा पैसा दलालाच्या खात्यातून शेअर बाजारात जाऊन भाव चढवत होता. मुंबईच त्याची रंगभूमी होती, आणि १८६५ चे कागद ज्याने वाचले आहेत त्याला त्यात नवीन फक्त रकमेपुढची शून्ये वाटली असतील. जानकीरामन समितीचे अहवाल या गोष्टीचे जॅक्सन आयोग झाले.

उलट राजकुमार तलवार यांची गोष्ट घ्या. आणीबाणीत सत्तेजवळच्या मंडळींच्या मर्जीचे कर्ज द्यायला अध्यक्ष तलवार तयार झाले नाहीत. त्यांना दूर करता यावे म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९७६ मध्ये त्यांना जावे लागले. हा प्रसंग आपल्याला कळतो तो मुख्यतः त्यांचे कनिष्ठ सहकारी एन. वाघुल यांनी लिहून ठेवला म्हणून. न दिलेल्या कर्जाची खतावणी नसते, थकबाकी नसते, आयोगही बसत नाही. चोख वागणुकीचा पुरावा जपायचा तर बँकेला मुद्दाम काही करावे लागते.

ते काम कोलकात्यात चालते. स्ट्रँड रोडवर, जिथे बंगाल बँकेचे घर होते तिथे आज समृद्धी भवन उभे आहे आणि त्यातच बँकेचे अभिलेखागार व संग्रहालय आहे. तीन इलाखा बँकांपासूनचे इतिवृत्त, भागधारकांच्या नोंदवह्या, पत्रव्यवहार, नोटा असा तो ऐवज. ईश्वरचंद्र विद्यासागर, दादाभाई नौरोजी, रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, राजेंद्रप्रसाद ही नावे या घराण्याच्या खातेदारांत मोजली जातात, आणि पाहुण्यांना ती आधी दाखवली जाणे साहजिक आहे. अभ्यासकाचा डोळा मात्र नामांकित सहीवर फार वेळ थांबत नाही. तो एजंटांनी मुख्यालयाला लिहिलेल्या पत्रांकडे वळतो. पाऊस कसा पडला, कोणत्या पेढीने हात आखडता घेतला, कोणाची हुंडी परत आली, हे त्यांत असते आणि ते जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मिळत नाही. प्रा. अमिय कुमार बागची यांनी या कागदांवरून बँकेचा इतिहास लिहिला. १८७६ पर्यंतचा पहिला खंड १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बुडालेल्या मुंबई बँकेची हकीकत त्यात पोटाखाली न घालता सविस्तर आली आहे. बँकेने स्वतः लिहवून घेतलेल्या इतिहासात हे झाले याचे कौतुक करायला हवे. रिझर्व्ह बँकेचे अभिलेखागार १९८१ पासून पुण्यात आहे. मराठी अभ्यासकाला तिथे जाणे सोपे, आणि १९३५ नंतरचे दोन्ही बाजूंचे कागद ताडून पाहता येतात.

अडचण आहे ती अलीकडच्या काळाची. बँकांनी दप्तर किती काळ ठेवावे याचे १९८५ चे नियम आहेत, त्यांप्रमाणे काही नोंदी पाच वर्षे आणि काही आठ वर्षे जपायच्या. नववे वर्ष लागले की शाखा जागेच्या टंचाईने गांजलेली असते आणि रद्दीवाला दारात असतो. मोठ्या लेजरांची पाने संगणकावर चढली तेव्हा शिल्लक रकमा चढल्या, समासातले शेरे चढले नाहीत. तपासनीसाने लाल शाईत लिहिलेले ‘गोदामातील माल प्रत्यक्ष मोजला, सोळा गाठी कमी’ अशा तऱ्हेचे वाक्य कुठल्याही सर्व्हरमध्ये नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने निवृत्त मंडळींना एक विनंती. शाखा उघडतानाची छायाचित्रे, कार्यभार सोपवतानाच्या टिपणी, जुनी परिपत्रके, दुष्काळात केलेल्या वसुलीच्या दौऱ्यांच्या डायऱ्या, यांपैकी काही घरात असेल तर ते रद्दीत घालण्याआधी अभिलेखागाराला विचारा. आणि ज्यांनी एखादे कर्ज वरून दबाव असताना नाकारले असेल, त्यांनी तारीख आणि रक्कम आठवते आहे तोवर दोन पाने लिहून काढावीत.